विहीर कधी आटणार, हे आधी कुणाला कळतं?

धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात विहिरींचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. बांधाला बांध लागून दोन शेतं. पाऊस दोन्हींवर तोच, विहिरींची खोलीही जवळपास सारखी. तरी एकीचा तळ संक्रांत उलटली की दिसू लागतो, आणि दुसरी अक्षय तृतीयेलाही तासभर मोटार चालवू देते. कुणी म्हणतं नशीब. कुणी म्हणतं, त्याचा पाणाड्या चांगला होता.

याहून थक्क करणारी गोष्ट कचेरीतली आहे. दिवाळीच्या आसपास, गावातल्या विहिरी अजून तुडुंब असतात तेव्हाच, जिल्ह्याचा टंचाई आराखडा तयार व्हायला लागतो. कोणत्या गावाला जानेवारीनंतर पाणी कमी पडेल, कुठे एप्रिलमध्ये टँकर लावावा लागेल, याच्या याद्या त्यात असतात. सहा महिने आधी हे सांगतात कशाच्या जोरावर? निव्वळ अंदाजपंचे म्हणावं तर तसं नाही. त्यामागे खडक, पाऊस आणि विहिरीत सोडलेली मोजपट्टी यांचा हिशेब असतो.

पाषाणात पाण्याला जागा किती?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला, पसरला आणि थिजला. थरावर थर चढले. बालाघाटाचे डोंगर आणि त्यांच्या अंगाखांद्यावरची गावं या थरांवर वसलेली आहेत.

यातल्या प्रत्येक थराच्या अंगी दोन स्वभाव असतात. खालचा भाग सावकाश निवला, म्हणून घट्ट झाला. छिन्नी लावली तर ठणकन वाजावी असा. वरच्या भागातून वायू निसटत होते, तिथे बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पांढरी-हिरवट खनिजं भरली. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी तांबडी पट्टी लागते. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत गेलेल्या काळाची ती खूण.

नदीकाठच्या वाळूत कणाकणामध्ये फट असते, म्हणून वाळूत कुठेही खणा, पाणी लागतं. पाषाणाचं तसं नाही. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजून भुसभुशीत झालेल्या मांजऱ्यात आणि खडकाच्या सांध्यांत. बाकी सगळा दगड कोरडा. मांजऱ्यातल्या पोकळ्यासुद्धा एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे खडक झिजलेला किंवा तडकलेला नसेल तर त्या असून नसल्यासारख्या. आणि जसं खोल जावं तसं वरच्या खडकाच्या भाराने सांधे मिटत जातात.

आता त्या दोन विहिरींकडे पाहा. एकीला वरून तीस-चाळीस फूट मुरूम मिळाला आणि तळाशी एखादा आडवा सांधा लागला. दुसरीला दहा-बारा फुटांवरच घट्ट पाषाण भिडला. खोली सारखी असली तरी एकीच्या भोवती पाणी धरणारा खडक आहे आणि दुसरी ही दगडात कोरलेली नुसती टाकी आहे.

जागेचाही फरक पडतो. भूजलाचे नकाशे करणारे एकाच पाणलोटाचे तीन भाग पाडतात. माथ्याकडचा अपधाव भाग, जिथे पाणी थांबतच नाही. मधला उताराचा पुनर्भरण भाग, जिथे ते मुरतं. आणि सखल साठवण भाग, जिथे ते येऊन थांबतं. वाडी माथ्यावर आणि मूळ गाव ओढ्याकाठी असेल, तर एकाच ग्रामपंचायतीत वाडीला मार्चात टँकर लागतो आणि गावाला मेमध्येही लागत नाही. त्यात ग्रामपंचायतीचा पक्षपात शोधण्याआधी नकाशा पाहिलेला बरा.

पाऊस आटवला तर हाती काय उरतं?

भूमचा हा टापू खव्यासाठी नावाजलेला, आणि कुंथलगिरीचा पेढा तर लांबलांबच्या पाहुण्यांनाही ठाऊक आहे. खव्याच्या भट्टीवर पहिला प्रश्न असतो उताऱ्याचा. म्हशीचं पाचेक लिटर दूध आटवलं तर किलोभर खवा; बाकीची वाफ. पावसाचंही असंच होतं, फक्त त्याचा उतारा याहून पुष्कळ कमी.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. तेव्हा ७०० मिलिमीटर पावसाचं एका हेक्टरवर ७० लाख लिटर पाणी झालं. ऐकायला प्रचंड वाटतं. त्यातलं बरंचसं उन्हाने आणि पिकांच्या पानांतून वाफ होऊन जातं, काही ओढ्याने वाहतं. भूजलाच्या हिशेबासाठी देशभर जी प्रमाणं धरतात, त्यांनुसार झिजलेल्या पाषाणात पावसाच्या सुमारे ७ टक्के पाणी मुरतं, सांधे असलेल्या मांजऱ्यात सुमारे १३ टक्के आणि घट्ट पाषाणात जेमतेम १ टक्का. म्हणजे चांगली जमीन असली तरी हेक्टरी पाच ते नऊ लाख लिटर. वर्षाची कमाई एवढीच.

आता खर्च. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचा वाटा वजा केला तरी पाटाने देताना विहिरीतून बाराशे-पंधराशे मिलिमीटर काढावं लागतं, हेक्टरी सव्वा ते दीड कोटी लिटर. एका हेक्टर उसासाठी तेरा ते तीस हेक्टरांवर मुरलेलं पाणी खर्ची पडतं. ते तीस हेक्टर अर्थात त्या ऊसवाल्याचे एकट्याचे नसतात.

आणखी एक फसवी गोष्ट इथेच सांगायला हवी. मुरूम-पाषाणातून निथळून विहिरीत येऊ शकेल असं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्केच असतं. त्यामुळे नुसतं दहा मिलिमीटर पाणी मुरलं तरी पातळी अर्धा मीटर वर येते. सप्टेंबरात एखादी चांगली झड लागली की विहिरी भराभर चढतात आणि सगळे म्हणतात, यंदा काळजी मिटली. पण चढणं जितकं भराभर तितकंच उतरणंही. शेततळ्यातलं पाणी पाच मीटर खाली गेलं तर हेक्टरी पाच कोटी लिटर उपसा झालेला असतो. जमिनीतली पातळी पाच मीटर खाली जायला फक्त दहा लाख लिटर पुरतात. विहिरीतल्या पाण्याची उंची बघून भूजलाचा साठा डोळ्यांना कळत नाही, तो गणितानेच काढावा लागतो.

विहिरीत मोजपट्टी सोडतात तेव्हा

हे गणित करणारी सरकारी संस्था म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता त्याच काळात ती उभी राहिली. बोअर घेणारी आणि हातपंप बसवणारी यंत्रणा अशीच तिची गावोगावची ओळख. पण तिचं जास्त मोलाचं काम फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. राज्यभरातल्या जवळपास चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरी वेगळ्या.

मोजण्याची रीत साधी आहे, पण तिला शिस्त लागते. विहिरीच्या कठड्यावर एक खूण ठरलेली असते. मोजपट्टी दरवेळी तिथूनच सोडायची, पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. उरतं ते जमिनीपासून पाण्याचं अंतर. दरवेळी तीच विहीर आणि तीच खूण. आणि सकाळी तिच्यावर मोटार चाललेली नसावी. नुकताच उपसा झालेल्या विहिरीचं पाणी तेवढ्यापुरतं बसलेलं असतं. तो आकडा वहीत गेला तर आजूबाजूचा सगळा शिवार कोरडा दिसतो.

मे महिन्यातली पातळी सर्वांत खोल, ऑक्टोबरमधली सर्वांत वर. या दोन नोंदींमधली चढ, पाणलोटाचं क्षेत्रफळ आणि खडकाचे ते २ टक्के यांचा गुणाकार केला की त्या पावसाळ्यात किती पाणी साठलं ते निघतं. याच काळात झालेला उपसा त्यात मिळवतात. दुसऱ्या वाटेने, पाऊस आणि मुरण्याचं प्रमाण घेऊनही तोच आकडा काढतात. दोन्ही उत्तरांत २० टक्क्यांहून जास्त तफावत आली तर मोजलेला आकडा जसाच्या तसा घेत नाहीत. ही पद्धत देशपातळीवरच्या समितीने ठरवलेली आहे, आणि २०२२ पासून हा ताळेबंद दरवर्षी होतो.

यातून निघतो एक टक्का. वर्षाला जेवढं भूजल वापरण्याजोगं आहे, त्यातलं किती उपसलं?

चौकट : पाणलोटाची प्रकृती
उपसा ७० टक्क्यांपर्यंत: सुरक्षित.
७० ते ९० टक्के: अंशतः शोषित.
९० ते १०० टक्के: शोषित.
१०० टक्क्यांच्या वर: अतिशोषित. यंदा मुरलेल्या पाण्यापेक्षा उपसा जास्त, म्हणजे मागच्या वर्षांची पुंजी खर्चात.
आपला पाणलोट कोणत्या गटात पडतो, यावर सरकारी योजनेतून नवी विहीर मिळणार की नाही हेही ठरतं.

ऑक्टोबरची नोंद आणि एप्रिलचा टँकर

आता टंचाई आराखड्याचं कोडं सुटतं. आपल्याकडे पाऊस चार महिने. ऑक्टोबरनंतर जमिनीत नव्याने फारसं काही पडत नाही. नंतर पातळी उतरतच जाणार. काही पाणी ओढ्यांना पाझरून जाणार, बाकी मोटारी ओढणार. त्यामुळे ऑक्टोबरची पातळी गेल्या पाच वर्षांच्या ऑक्टोबरच्या सरासरीशी ताडून पाहतात. पावसाची तूट सरासरीच्या २० टक्क्यांहून जास्त आणि पातळी एक मीटरहून जास्त खाली, अशी दोन्ही लक्षणं जिथे दिसतात तिथे धोका. घट दोन मीटर की तीन, यावरून टंचाई डिसेंबरच्या आत सुरू होणार, मार्चपर्यंत, की उन्हाळ्यात, असे टप्पे पडतात.

यापुढचा भाग महसूल आणि जिल्हा परिषदेचा. खासगी विहिरीचं अधिग्रहण, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, जुन्या विहिरीतला गाळ काढणं, नवी विंधन विहीर, नदीच्या वाळूत बुडक्या, आणि काहीच जमलं नाही तर टँकर. हा क्रम पैशाचा आहे तसा भूशास्त्राचाही. गावाच्या हद्दीत पाणी लागण्याजोगी जागा उरली आहे का, हे भूवैज्ञानिकाने सांगितल्याशिवाय नवी विंधन विहीर घेणं म्हणजे सरकारी पैशाने फुफाटा उडवणं. मला विचाराल तर या सगळ्या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे ती वर्षातून चार वेळा सोडलेली मोजपट्टी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या वेळच्या एकेका फेरीला झालेला खर्च आठवावा.

दुष्काळ जाहीर होतो कसा?

पूर्वी दुष्काळ ठरायचा तो पैसेवारीवर, म्हणजे गावातल्या पिकाच्या अंदाजी उताऱ्यावर. केंद्राच्या २०१६ च्या संहितेने ती रीत बदलली. आता पहिली कळ पावसाची. पाऊस किती तुटला आणि पावसाळ्यात सलग तीन-चार आठवड्यांचा खंड पडला का, हे आधी पाहतात. तिथे तालुका अडकला तरच पुढची दारं उघडतात: पेरणी किती झाली, जमिनीत ओल किती, धरणात आणि जमिनीखाली पाणी किती, आणि पिकं हिरवी आहेत का.

शेवटचं हे उपग्रह पाहतो. ताजं हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतं. पीक सुकायला लागलं की हा फरक घटतो. उपग्रहाने टिपलेल्या या दोन प्रकाशांच्या तफावतीतून हिरवेपणाचा आकडा मिळतो. तो आकडा मागच्या वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी लावून पाहायचा असतो. ऑगस्टमधल्या सोयाबीनची तुलना जूनच्या काळ्या रानाशी करून काय कळणार?

पण उपग्रहाला सोयाबीन आणि बांधावरचं गवत यांतला भेद दरवेळी कळतोच असं नाही. म्हणून काही गावं सोडतीसारखी निवडून तलाठी आणि कृषी सहायक प्रत्यक्ष रानात जातात. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने त्यासाठी ‘महामदत’ नावाचं ॲप केलं. फोटो आणि शेताची जागा दोन्ही त्यात नोंदली जातात. २०१८ मध्ये या पद्धतीने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ मध्ये ४० तालुके ठरले. त्यांत धाराशिव जिल्ह्यातले वाशी, धाराशिव आणि लोहारा होते. वाशीला लागून असलेला भूम नव्हता.

ईटच्या पर्जन्यमापकाला काय दिसतं?

इथे खरा वाद सुरू होतो, आणि तो रास्त आहे. पाऊस तालुक्याची हद्द पाहून पडत नाही. ४० तालुक्यांची यादी निघाली आणि दहा-बारा दिवसांतच सरकारला उरलेल्या तालुक्यांतल्या हजाराच्या वर महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. कसोटी मंडळातल्या पावसाची: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत.

ईट हे स्वतः महसूल मंडळाचं गाव आहे. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. त्यांतलं पर्जन्यमापक म्हणजे एक नरसाळं. त्याखाली दोन वाट्यांचा छोटा झुला. एक वाटी भरली की पलटते, दुसरी पुढे येते आणि पलटण्यांची मोजदाद होत जाते. पाऊस, वारा, तापमान आणि आर्द्रता दर दहा मिनिटांना नोंदली जाते.

या नरसाळ्यावर किती अवलंबून आहे पाहा. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, त्यावर पिकांचे पंचनामे आणि मदत. विम्याचे काही निकषही हेच आकडे धरतात. पण मंडळात पंधरा-वीस गावं आणि यंत्र एक. ढग ओढ्यापलीकडे कोसळला आणि यंत्राजवळ चाळीसच मिलिमीटर झाला तर? किंवा यंत्राशेजारी झाडाची फांदी वाढली, नरसाळ्यात पाचोळा अडकला तर? २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने शेतं मातीसकट खरवडून नेली, तेव्हा कुणाला आकडा विचारावा लागला नाही. वाद होतात ते साठ आणि पासष्टच्या मधल्या पावसाचे. तिथे विज्ञानाची चूक नसते. एका ठिपक्यावरून वीस गावांचा निर्णय घेण्याची ती मर्यादा असते.

उपाय आहे, तो म्हणजे ठिपके वाढवणं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते गावापुरतं करून दाखवलं. पर्जन्यमापक गावात, विहिरींच्या नोंदी गावाच्या, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यात रब्बीला काय बसतं ते ठरवायचं. पाऊस कमी तर गहू कमी. शेतीसाठी बोअरला बंदी. २०१९ मध्ये आलेल्या अटल भूजल योजनेने हीच रीत सात राज्यांत नेली, त्यांत धाराशिव जिल्ह्याचाही समावेश झाला. ताळेबंद मांडणं कठीण नाही, पाचवी-सहावीतल्या पोरांनाही जमेल. अवघड आहे ते कमी आकडा आल्यावर ऊस लावणाऱ्या भावकीला तोंडावर नाही म्हणणं, आणि ते काम कोणत्याही यंत्रणेचा भूवैज्ञानिक करून देणार नाही.

दोनशे फुटांच्या खाली

विहीर आटली की पुढचा विचार बोअरचा. खाली कुठेतरी पाण्याचा समुद्र आहे, आपली गाडी तिथवर पोचली नाही, एवढंच, अशी समजूत पक्की आहे. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या या छिद्राने पाण्याविषयीही बरंच सांगितलं. ३३८ मीटरपर्यंत, म्हणजे अकराशे फुटांपर्यंत, पाषाणाचे थर. मग गाळाचा पातळसा पट्टा. आणि त्याखाली त्याहून जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा कठीण खडक. समुद्र वगैरे काही नाही.

सहाशे फुटांवर पाणी लागत नाही असं नाही. लागतं, ते मिटत आलेल्या सांध्यात वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं. ते एकदा उपसलं की परत भरायला तितकीच वर्षं. दुसरी शक्यता अधिक वाईट: खोल बोअरने वरच्या थरातलं पाणी खाली उतरायला वाट करून दिलेली असते, आणि शेजारच्या चाळीस फुटी विहिरीचं पाणीच मालकाला आपल्या नशिबाचं वाटत असतं.

कायद्याला हे ठाऊक आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला, त्याने ६० मीटरची, म्हणजे साधारण दोनशे फुटांची रेघ ओढली. शेतीसाठी वा उद्योगासाठी त्याखाली जायचं नाही. नियमांचा मसुदा मात्र २०१८ मध्ये आला. तोवर तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्या मराठवाड्यात रात्रंदिवस फिरत होत्या, आजही फिरतात.

गाडी चालू असताना वर येणाऱ्या भुकटीचे ढीग कामगार ओळीने घालतात. हे ढीग म्हणजे तुमच्या जमिनीचा नकाशाच. पिवळसर-तपकिरी मुरूम, करडा मांजऱ्या, मधेच गेरूची तांबडी, आणि मग घट्ट पाषाणाची काळी भुकटी. दोनशे फूट ओलांडले आणि ढिगामागून ढीग काळाच येऊ लागला, तर गाडी थांबवायला सांगावं. गाडीवाला आपणहून थांबणार नाही, कारण त्याचे पैसे फुटांवर असतात.